अर्धशिशी आणि उसनी औषधं

घरात कुणाला अर्धशिशीचा त्रास असेल तर त्यांची डॉक्टरांची चिठ्ठी एकदा काढून बघा. रोज रात्री घ्यायची गोळी ॲमिट्रिप्टिलिन असेल तर ती मुळात नैराश्यावरची. प्रोप्रॅनोलॉल असेल तर ती छातीत दुखण्यावरची आणि बीपीची. टोपिरामेट किंवा व्हॅलप्रोएट असेल तर ती फिटची. मग घरातलं कुणीतरी मोबाईलवर नाव टाकून बघतं आणि सुरू होतं, "अगं, ही तर डिप्रेशनची गोळी! तुला काय वेड लागलंय का?" आठवड्याभरात गोळी बंद, आणि मेडिकलमधून आणलेली पेनकिलरची पट्टी पुन्हा पर्समध्ये.

यात डॉक्टरांची चूक नसते. या औषधांचा अर्धशिशीवर उपयोग होतो हे तपासून सिद्ध झालेलं आहे. पण प्रश्न रास्त आहे. इतक्या जुन्या, इतक्या लोकांना छळणाऱ्या आजाराला दुसऱ्यांच्या औषधांवर का दिवस काढावे लागले? याचं उत्तर गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात आहे, आणि त्यात रसायनशास्त्राइतकाच वाटा आहे तो "डोकंच दुखतंय ना, त्यात काय एवढं" या वाक्याचा. पोस्ट जरा लांब आहे, सवडीने वाचा.

आधी नावापासून सुरुवात करू. अर्धशिशी म्हणजे अर्ध्या शिराचं दुखणं. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन याने याला 'हेमिक्रेनिया' म्हटलं, म्हणजे अर्धी कवटी. त्याचाच घासून घासून 'मायग्रेन' झाला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोक्याचे अकरा रोग दिले आहेत, त्यात 'अर्धावभेदक' आहे. अर्ध्या डोक्यात भेदल्यासारखी वेदना, आणि ती पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अचानक उठते, असं तिथलं वर्णन. आज न्यूरॉलॉजिस्टसमोर बसलेला पेशंट वेगळं काय सांगतो? दोन संस्कृतींनी एकाच दुखण्याला एकाच अर्थाचं नाव दिलं. म्हणजे आजार ओळखता येत नव्हता असं नाही. औषध मात्र नव्हतं. डोक्याला फडकं करकचून बांधायचं, सुंठ उगाळून लेप लावायचा, खोलीत अंधार करायचा, आणि उलटी होऊन झोप लागेपर्यंत वाट बघायची.

पहिलं खरं औषध आलं ते एका विषातून.

युरोपात राय नावाचं धान्य खातात. ओल्या, थंड वर्षी त्याच्या कणसावर एक बुरशी येते आणि दाण्याच्या जागी काळपट, शिंगासारखी गाठ धरते. तिला अर्गट म्हणतात. असलं धान्य दळून खाल्लं की माणसांच्या हातापायांची आग व्हायची, रक्तवाहिन्या आवळून बोटं काळी पडायची आणि गळून जायची. मध्ययुगात गावंच्या गावं या रोगाने उद्ध्वस्त झाली. लोक याला 'सेंट अँथनीची आग' म्हणत. अकराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये या रोग्यांची सेवा करण्यासाठी साधूंचा एक वेगळा पंथच निघाला.

आपल्या बाजरीवरही अरगट पडतो. १९५०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेली बाजरी खाऊन विषबाधेची साथ आल्याची नोंद आहे. बाजरीवरची बुरशी त्याच कुळातली, पण तिच्यातली द्रव्यं वेगळी. त्यामुळे बोटं झडत नाहीत, मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. पेरणीआधी बाजरीचं बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणाऱ्या गाठी काढून टाकायच्या, हा कृषी खात्याचा सल्ला शेतकरी मंडळींना ठाऊक असेल. तो याच अरगटासाठी.

तर युरोपातल्या सुइणींना या काळ्या गाठींचा एक गुण माहीत होता. थोड्या प्रमाणात दिल्या तर गर्भाशय आवळतं. बाळंतपणात कळा आणायला आणि नंतरचा रक्तस्राव थांबवायला त्या वापरल्या जात. १९१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात सँडोझ कंपनीत आर्थर स्टोल या रसायनतज्ज्ञाने अर्गटमधून अर्गोटामाइन हे शुद्ध द्रव्य वेगळं काढलं. कंपनीने ते बाजारात आणलं ते बाळंतिणींसाठी. अर्गटचा अर्क डोकेदुखीवर देऊन बघायचे प्रयोग १८८३ मध्ये जर्मनीत आल्बर्ट ऑयलेनबुर्गने केलेच होते. आता हाताशी शुद्ध द्रव्य आलं होतं. १९२५-२६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये एर्न्स्ट रोथलिन आणि हान्स मायर यांनी ते अर्धशिशीच्या पेशंटना दिलं आणि अनेकांची कळ थांबली.

म्हणजे पहिलं परिणामकारक औषधसुद्धा उसनंच, बाळंतिणीच्या खोलीतून आणलेलं.

मग अमेरिकेत हॅरल्ड वुल्फ आला. न्यूयॉर्कचा मोठा न्यूरॉलॉजिस्ट, आणि स्वतः अर्धशिशीचा पेशंट. १९३८ मध्ये त्याने आणि जॉन ग्रॅहम याने एक सुंदर प्रयोग केला. पेशंटच्या कानशिलावरच्या रोहिणीचे ठोके कागदावर उमटवले आणि अर्गोटामाइन टोचलं. ठोक्यांचा जोर जसजसा कमी झाला तसतशी वेदना उतरली. निष्कर्ष निघाला की डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून अर्धशिशी होते. त्याआधी १८७३ मध्ये एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज डॉक्टरने हे 'मज्जातंतूंचं वादळ' आहे असं जाडजूड पुस्तक लिहून मांडलं होतं. वुल्फच्या आलेखापुढे ते मागे पडलं, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं सगळे रक्तवाहिन्यांच्याच मागे लागले.

याच वुल्फने आणखी एक गोष्ट रुजवली, जिचे परिणाम आपण अजून भोगतोय. अर्धशिशीचा एक 'स्वभाव' असतो असं त्याने १९३७ मध्ये लिहिलं. महत्त्वाकांक्षी, हट्टी, सगळं नीटनेटकं लागणारी, ताण घेणारी माणसं. बायकांच्या बाबतीत तर त्यांच्या वैवाहिक आयुष्यातल्या असमाधानापर्यंत गाडी गेली. हा आजार बायकांना पुरुषांच्या साधारण तिप्पट होतो. तेव्हा पुढे काय झालं असेल याचा अंदाज करा. आजार मेंदूतून निघून स्वभावात गेला. "फार विचार करते", "घरात पाहुणे येणार म्हटलं की हिचं डोकं उठतं", "कामाचा कंटाळा". हे न्यूयॉर्कमध्येही म्हटलं गेलं आणि नाशिकमध्येही म्हटलं जातं. आता, जो आजार म्हणजे स्वभाव, त्यावर औषध शोधायला पैसे कोण घालणार?

म्हणून पुढची औषधं सापडली ती बहुतेक योगायोगाने, दुसऱ्याच आजाराचा इलाज करताना.

इंग्लंडमध्ये जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल बनवलं, हृदयाला विश्रांती मिळून छातीतलं दुखणं कमी व्हावं म्हणून. या कामासाठी त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. १९६६ मध्ये याच औषधाची हृदयरोग्यांवर चाचणी चालू असताना एका पेशंटची अर्धशिशी कमी झाल्याचं दिसलं. पुढे रीतसर चाचण्या झाल्या आणि १९७९ मध्ये अमेरिकेत प्रोप्रॅनोलॉलला अर्धशिशीसाठी मान्यता मिळाली. नैराश्यावरच्या ॲमिट्रिप्टिलिनचा उपयोग १९७०च्या दशकातल्या चाचण्यांत दिसला. फिटवरच्या व्हॅलप्रोएटला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली, टोपिरामेटला २००४ मध्ये. बोटॉक्सची गोष्ट तर आणखी मजेची. कपाळाच्या सुरकुत्या घालवायला इंजेक्शन घेतलेल्या लोकांनी सांगितलं की आमची डोकेदुखीही गेली. २०१० मध्ये तेही वारंवार उठणाऱ्या जुनाट अर्धशिशीचं मान्य औषध झालं.

मधल्या काळात एक औषध खास अर्धशिशी टाळण्यासाठी आलं होतं. १९५९ मध्ये इटलीतल्या सिकुटेरीने वापरात आणलेलं मेथिसर्जाइड. तेही अर्गटच्याच घराण्यातलं. उपयोग चांगला होता, पण दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या पोटात मागच्या बाजूला घट्ट तंतू वाढून मूत्रवाहिन्या आवळल्या जाऊ लागल्या. हळूहळू ते वापरातून गेलं.

उसन्या औषधाची एक अडचण असते. ते दुसऱ्याच्या मापाने शिवलेलं असतं. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या माणसाला चालत नाही. ॲमिट्रिप्टिलिनने झोप येते, तोंड कोरडं पडतं, वजन वाढतं. टोपिरामेटने हातापायांना मुंग्या येतात आणि ऐन वेळी शब्द आठवत नाहीत. आणि सगळ्यात गंभीर गोष्ट व्हॅलप्रोएटची. गरोदरपणात घेतलं तर बाळात व्यंग येण्याचा धोका मोठा. अर्धशिशी सगळ्यात जास्त छळते ती मूल होण्याच्या वयातल्या बायकांना, आणि त्यांच्यासाठी हेच औषध सगळ्यात धोक्याचं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदर बायकांना अर्धशिशीसाठी हे देऊच नये असं सांगितलं. अमेरिकेतली अर्धशिशीची मान्यता १९९६ची. मधली वर्षं मोजा.

१९८८ पर्यंत तर अर्धशिशी नेमकी कशाला म्हणायची यावरही जगातल्या डॉक्टरांचं एकमत नव्हतं. त्या वर्षी डेन्मार्कच्या येस ओलेसेन यांच्या पुढाकाराने डोकेदुखीचं पहिलं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण झालं. किती तास दुखतं, एका बाजूला की दोन्ही, ठणकतं का, जिना चढल्यावर वाढतं का, मळमळ होते का, उजेड आणि आवाज सहन होतो का. प्रश्न साधे आहेत. पण मोजायला पट्टी मिळाली तेव्हा कुठे औषधांच्या चाचण्यांना नीट आकार आला.

त्याच सुमाराला पहिलं 'स्वतःचं' औषध तयार होत होतं. इंग्लंडमध्ये ग्लॅक्सो कंपनीत पॅट्रिक हम्फ्री आणि सहकारी १९७२ पासून एका धाग्यामागे होते. अर्धशिशी उठली की रक्तातलं सेरोटोनिन कमी होतं, आणि शिरेतून सेरोटोनिन दिलं तर वेदना उतरते, हे आधीच्या दशकात दिसलं होतं. पण सेरोटोनिन सगळ्या शरीरावर काम करतं, त्यामुळे ते औषध म्हणून देण्यासारखं नव्हतं. फक्त हवी तीच कुलपं उघडणारी किल्ली पाहिजे होती. जवळपास वीस वर्षांच्या कामानंतर १९९१ मध्ये सुमाट्रिप्टान बाजारात आलं. कळ सुरू झाल्याबरोबर घेतलं तर अनेकांची दोन तासांत उतरते. ज्यांनी आयुष्यातले शेकडो दिवस अंधाऱ्या खोलीत काढले होते त्यांच्यासाठी हे केवढं मोठं होतं हे वेगळं सांगायला नको. मात्र हे रक्तवाहिन्याही आवळतं, त्यामुळे हृदयरोग किंवा पक्षाघात झालेल्यांना देत नाहीत. आणि हे कळ थांबवणारं औषध. ती वारंवार उठूच नये म्हणून घ्यायचं औषध अजूनही उसनंच होतं.

ती कहाणी पूर्ण व्हायला २०१८ उजाडलं. १९८०च्या दशकात सीजीआरपी नावाचं एक छोटं प्रथिन सापडलं. चेहऱ्याची आणि डोक्याची संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या टोकांतून ते बाहेर पडतं. ऑस्ट्रेलियाचे पीटर गोड्सबी आणि स्वीडनचे लार्स एडविन्सन यांनी कळ चालू असलेल्या पेशंटच्या मानेतल्या शिरेतून रक्त घेतलं. त्यात हे प्रथिन वाढलेलं होतं. हा निष्कर्ष १९९० मध्ये छापून आला. म्हणजे लिव्हिंगचं 'मज्जातंतूंचं वादळ' सव्वाशे वर्षांनी का होईना, बरंचसं खरं ठरत होतं. रक्तवाहिन्या फुगत असतीलही, पण सूत्रं मज्जातंतूंच्या हातात होती. २००४ मध्ये ओलेसेन यांच्या गटाने सीजीआरपी अडवलं की कळ थांबते हे चाचणीत दाखवलं. नंतरचं एक औषध यकृताला त्रास देतं म्हणून सोडून द्यावं लागलं. अखेर मे २०१८ मध्ये एरेन्युमॅब या महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनला अमेरिकेत मान्यता मिळाली. अर्धशिशीत आत काय घडतं ते समजून घेऊन, ती टाळण्यासाठीच बेतलेलं हे पहिलं औषध. २०२१ मध्ये गोड्सबी, एडविन्सन, ओलेसेन आणि अमेरिकेचे मायकेल मॉस्कोविट्झ यांना 'ब्रेन प्राइझ' मिळालं.

एरेन्युमॅबची अमेरिकेतली जाहीर किंमत होती वर्षाला ६,९०० डॉलर.

इथून आपल्या दारात येऊ. या नव्या कुळातली औषधं आता भारतातही येऊ लागली आहेत. ज्यांना परवडतील आणि ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर घ्यावीत. पण आपला प्रश्न त्याच्या बराच अलीकडचा आहे. बंगळुरूच्या निम्हान्सच्या तज्ज्ञांनी शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन पाहणी केली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचं प्रमाण प्रौढांमध्ये २५ टक्के निघालं. चारात एक. २०१९ च्या जगभरच्या आकडेवारीत माणसाला निकामी करणाऱ्या आजारांत अर्धशिशी दुसऱ्या क्रमांकावर होती, आणि पन्नाशीच्या आतल्या बायकांत पहिल्या. आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डोकं दुखतंय म्हणून गेलेल्या बाईच्या हातावर बहुतेक वेळा काय पडतं? पॅरासिटामॉल.

बाकीचं काम बाम आणि मेडिकलचं दुकान करतं. बामचा इतिहासही मुंबईचाच. काशिनाधुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केलं आणि त्याच पैशावर १९०८ मध्ये इथूनच 'आंध्र पत्रिका' काढली. बामने कपाळाला गार वाटतं, बरं वाटतं. त्याने बिघडत काहीच नाही, पण अर्धशिशी त्याने थांबत नाही.

बिघडतं ते गोळ्यांनी. अर्गोटामाइन फार घेतलं की डोकेदुखी उलट रोजची होते, हे अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९५१ मध्येच लिहून ठेवलं. आज नियम स्पष्ट आहे. साधी पेनकिलर महिन्यात पंधरा दिवस, किंवा मिश्र गोळ्या, ट्रिप्टान आणि अर्गोटामाइन महिन्यात दहा दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखीला कारण होऊ शकते. गोळी घेतली की दोन तास बरं, मग पुन्हा दुखतं, मग पुन्हा गोळी. आपल्याकडे अर्गोटामाइन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीचं औषध एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. त्यांच्यासोबत क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक पोटात गेलं तर हातापायांचा रक्तपुरवठा आवळला जाऊ शकतो. तीच मध्ययुगातली सेंट अँथनीची आग, फक्त पट्टीत पॅक केलेली. गरोदर बाईने तर ही गोळी घ्यायचीच नाही. मेडिकलवाला हे विचारतो का?

सरकारने २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यात सॅरिडॉनही होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पुढे सॅरिडॉन त्यातून सुटली. बातम्या झाल्या त्या बंदी आणि स्थगितीच्या. ज्या माणसाला महिन्यात वीस दिवस गोळी लागते, त्याला नेमकं झालंय काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

यात खटकतं ते हे, की उसनी असली तरी ती जुनी औषधं स्वस्त आहेत. प्रोप्रॅनोलॉल आणि ॲमिट्रिप्टिलिन यांची पेटंटं कधीच संपली. नीट डोस आणि दोन-तीन महिने धीर धरला तर ढोबळमानाने निम्म्या लोकांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत अर्धशिशी टाळण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल आहे, आणि कळ थांबवण्यासाठी २०२१ पासून सुमाट्रिप्टानही. म्हणजे ६,९०० डॉलरची वाट बघायची गरज बहुतेकांना नाही. गरज आहे ती आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी चार प्रश्न विचारण्याची, ही औषधं तिथे कायम मिळण्याची, आणि गोळी का दिली हे पेशंटला मराठीत समजावून सांगण्याची. "ही नैराश्याची गोळी आहे, पण तुम्हाला अर्धशिशीसाठी आणि कमी डोसमध्ये दिली आहे, परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे लागतील." इतकं वाक्य बोललं गेलं तर किती जणींची गोळी मध्येच बंद पडायची नाही.

आपण घरात काय करायचं? एक सोपी गोष्ट. दुधाचा आणि गॅसचा हिशोब लिहितो त्याच कालनिर्णयवर डोकं दुखलं त्या दिवशी फुली मारायची, आणि गोळी घेतली तर फुलीभोवती गोल करायचा. तीन महिन्यांची पानं डॉक्टरांना दाखवायची. महिन्यात चार-पाच फुल्या असतील तर रोजच्या औषधाबद्दल विचारायचं, दहा गोल असतील तर ते आधी सांगायचं. आणि अचानक, आयुष्यात कधी नव्हतं इतकं भयंकर दुखलं, सोबत ताप आणि मान आखडली, हात-पाय-बोलणं गेलं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं, तर फुली मारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. औषध कुठलं आणि किती हे डॉक्टरच ठरवतील, पोस्ट वाचून सुरू किंवा बंद करू नका.

तालुक्याच्या आरोग्य केंद्रात अर्धशिशीसाठी कुठली औषधं आहेत हे पुढच्या वेळी जाल तेव्हा विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. सगळ्यांची उत्तरं एकत्र करून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यायला बरी पडतील.